तीस माणसं, सव्वा महिना आणि हाताने केलेली दिवाळीची भेट

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दिवाळीला सव्वा महिना आहे. तुम्ही नोकरी करता, घरात सात वर्षांची मुलगी आहे. नातेवाईक आणि मैत्रिणी मिळून तीस जणांना हाताने केलेलं भेटकार्ड आणि एक छोटी वस्तू द्यायची आहे. त्यातली एक बहीण मेलबर्नला आहे. गेल्या वर्षी हाच बेत होता, पण तीसपैकी अकरा कार्डं झाली, उरलेल्यांसाठी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दुकानात जावं लागलं आणि सासूबाई म्हणाल्या, "त्यापेक्षा सगळी विकतचीच आणायची होतीस." तुम्ही विचारलंय, यंदा काय बनवू, म्हणजे पूर्ण होईल?

मी गेली एकवीस वर्षं कागद आणि कापडाची कामं शिकवते, आणि दर वर्षी दिवाळीआधी हाच प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. तुमची अडचण "काय बनवू" ही नाही असं मला वाटतं. ती आहे "कुणासाठी किती बनवू" ही. गेल्या वर्षी तुमची अकरा कार्डं झाली म्हणजे हात चांगला चालतो, कल्पनाही आहेत. चुकला तो हिशोब. तीसही जणांना एकाच मापाने मोजलं, म्हणून शेवटचे एकोणीस राहिले.

हिशोब आधी करू. नीट केलेल्या एका कार्डाला, कागद कापण्यापासून पाकीट बंद करेपर्यंत, सरावाच्या हातालाही चाळीस मिनिटं लागतात. तीस कार्डांचे झाले वीस तास. तुम्हाला आठवड्यातून चार रात्री एकेक तास मिळतो असं धरलं, तर पाच आठवड्यांत वीस तास होतात खरे. पण त्यातला शेवटचा आठवडा धरायचाच नाही. तो साफसफाई, फराळ आणि पाहुण्यांचा. एखादा आठवडा मुलीच्या सहामाही परीक्षेत जातो. उरले बारा तास, आणि अजून भेटवस्तू सुरूही झालेली नाही. तुमचे तास याहून कमी-जास्त असू शकतील. घरात मदत किती आहे, ऑफिसला जायला-यायला किती वेळ लागतो, यावर ते ठरेल. पण कागदावर आकडा मांडल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका.

आता त्या तीस नावांचे तीन गट करा. मी वहीचं पान उभं दुमडून करते. पहिल्या गटात सहा ते आठ नावं, त्याहून जास्त नाहीत. ज्यांच्या घरी तुमचं कार्ड पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटात जपून राहील अशी माणसं: आजी, मावशी, लांबची बहीण, जिवाभावाची मैत्रीण. यांच्यासाठी वेळखाऊ काम करायचं. दुसऱ्या गटात पंधरा-वीस नावं. यांच्यासाठी एकच ठसा कोरून छापलेलं कार्ड, आत मजकूर मात्र प्रत्येकाला वेगळा आणि हाताने लिहिलेला. तिसऱ्या गटात ज्यांना कार्ड नकोच आहे अशी माणसं. तुमच्या यादीत घरकामाच्या मावशी आणि सोसायटीचे वॉचमन आहेत. त्यांना दिवाळीला रोख पैसे लागतात, आणि ते त्यांच्या हक्काचे आहेत. कार्ड कितीही सुंदर केलं तरी ते बोनसच्या जागी देऊ नये. तुमच्या हाताचं काम दिसायला हवं असेल तर पैशांचं पाकीट हाताने बनवा, वर नाव सुंदर अक्षरात लिहा, आत नोटा घाला.

पहिल्या गटासाठी मला सगळ्यात आवडतं ते शिवलेल्या रांगोळीचं कार्ड. हे थोडं सविस्तर सांगते, कारण अडतं ते इथेच.

कागद शक्यतो हातकागद घ्या, २५० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) आसपासचा. पुण्यात असाल तर शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. इतर शहरांत खादी भांडारात किंवा चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात हा कागद मिळतो. तो सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो. सुताचे तंतू लांब असतात, त्यामुळे घडी घातली तरी कागद तडकत नाही आणि सुईने भोकं पाडली तरी सहसा फाटत नाही. साध्या चकचकीत कार्डशीटला घडीवर पांढरी चीर दिसते, ती इथे दिसत नाही. पूर्ण ताव बहुधा २२ बाय ३० इंचांचा असतो. त्याची एक बाजू निम्मी केली आणि दुसरीचे चार भाग केले की ११ बाय साडेसात इंचांचे आठ तुकडे निघतात, आणि मधोमध दुमडलं की साडेपाच बाय साडेसातचं कार्ड तयार. चार तावांत बत्तीस कार्डं झाली. पाचवा ताव चुकांसाठी आणि सरावासाठी घ्या. पाकिटं मात्र आधी ठरवा. कार्ड करून झाल्यावर त्या मापाचं पाकीट शोधत फिरण्यात माझ्या कितीतरी विद्यार्थिनींचे दोन-दोन दिवस गेले आहेत.

कागद कात्रीने कापू नका. पट्टी धरून घडी घाला, घडीवर ओल्या ब्रशने पाण्याची एक रेघ ओढा, अर्धा मिनिट थांबा आणि दोन्ही हातांनी हळूच ओढून वेगळा करा. कडेला मऊ तंतू सुटतात आणि मूळ तावाच्या कडेशी ते छान जुळतं. मधली घडी घालण्याआधी तिथे शाई संपलेल्या बॉलपेनने, स्टीलच्या पट्टीला टेकवून, एक दाबरेघ मारा. मग घडी सरळ बसते.

आता रांगोळी. आपल्याकडे "५ ते ३ मधला ठिपका" म्हणतात ना, तीच मांडणी घ्यायची: मधल्या ओळीत पाच ठिपके, वर-खाली चार-चार, त्यापुढे तीन-तीन. एकूण १९ ठिपके. दोन ठिपक्यांत दीड सेंटीमीटर अंतर ठेवा. भोकं फार जवळ आली की कागद पोस्टाच्या तिकिटासारखा फाटतो. आलेख कागदावर मांडायला गेलात तर चौकोन अडचण करतात, म्हणून आधी एका ट्रेसिंग पेपरवर काळजीपूर्वक एकच नमुना आखा आणि तोच प्रत्येक कार्डावर ठेवून टोचा. खाली जाड टॉवेलची घडी किंवा थर्माकोलचा तुकडा ठेवायचा. कार्ड उघडून, समोरच्या बाजूने आत टोचायचं, म्हणजे भोकाची उचललेली कड आतल्या बाजूला जाते आणि वरून बोट फिरवलं तरी लागत नाही.

मधल्या ठिपक्याभोवती सहा ठिपक्यांचं कडं दिसेल. बाहेरच्या बारा ठिपक्यांपैकी एकाआड एक असे सहा, म्हणजे कोपरे सोडून बाजूंच्या मधले, ही टोकं. आतल्या कड्याचा एक ठिपका, मग बाहेरचं टोक, मग आतला पुढचा ठिपका, असं जोडत गेलात की बारा टाक्यांची सहा टोकांची चांदणी होते. कशिद्याच्या दोऱ्याचे सहा पदर असतात, त्यातले दोनच घ्या. जाताना एक आड एक टाका घालायचा आणि दुसऱ्या फेरीत राहिलेल्या जागा भरायच्या. अशाने कार्डाच्या आतल्या बाजूलाही तीच चांदणी उमटते, दोऱ्याचं जाळं दिसत नाही. दोऱ्याला गाठ मारू नका. गाठीचा फुगवटा समोरून कळतो. शेपूट आतून चिकटपट्टीच्या लहानशा तुकड्याने दाबा आणि वर पातळ कागदाचा चौकोन डकवा. राहिलेल्या सहा कोपऱ्यांतल्या ठिपक्यांवर गाठीचा टाका घातला की रांगोळीच्या वाटीतून निसटलेले दाणेच वाटतात. पहिलं कार्ड नुसतं शिवायला तुम्हाला पाऊण तास लागेल, सहाव्याला पंचवीस मिनिटं.

डकवायला पांढरा गोंद वापरणार असाल तर बोटाने अगदी पातळ फासा. त्यात पाणी असतं, ते कागद ओढून वाकवतं. मी अजूनही मैद्याची खळ करते. दोन चमचे मैदा, वाटीभर पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. बुकबाइंडर कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालतात, तुम्ही ते करू नका. मोरचूद विषारी आहे आणि घरात मूल आहे. फ्रिजमध्ये ठेवली तर खळ तीन-चार दिवस टिकते.

दुसऱ्या गटासाठी ठसा. लिनोचा, म्हणजे ठसे कोरायच्या मऊ शीटचा, तुकडा आणि त्याचा कटर चित्रकलेच्या दुकानात मिळतो. पहिलीच वेळ असेल तर मोठं खोडरबर घ्या, ते लोण्यासारखं कापलं जातं. पणती, करंजी, आकाशकंदील, काहीही एकच आकार, चार-पाच सेंटीमीटरचा. अक्षरं कोरू नका. मी पहिल्या वर्षी "शुभ दीपावली" सरळ कोरलं. दोन रात्री गेल्या, आणि छापल्यावर सगळी अक्षरं उलटी उमटली. ठशावर आरशातल्यासारखं कोरावं लागतं हे मला ठाऊक होतं, तरी देवनागरीच्या शिरोरेषेने फसवलं, कारण रेघ उलटी केली तरी रेघच दिसते. त्या रात्री वेळ उरला नाही म्हणून नुसती पणती कोरली आणि अक्षरं हाताने लिहिली. लोकांनी जपून ठेवली ती त्याच वर्षीची कार्डं. तेव्हापासून चित्र ठशाचं आणि शब्द हाताचे, हे माझं ठरलेलं आहे.

रंग पोस्टर कलरचा, घट्टसर, स्पंजवर पसरून. पातळ रंग हातकागदात शिरतो आणि कडा फुटतात. लिहायचं पेनही आधी तुकड्यावर तपासा, शाईचं पेन बहुतेक वेळा पसरतं. बोरूने लिहायची हौस असेल तर छोटी टोपणनावंच लिहा, पूर्ण मजकूर नको.

लेकीला पाकिटं द्या. भेंडीचा देठाकडचा भाग आडवा कापला की पाच पाकळ्यांचं फूल मिळतं. ते रंगात बुडवून पाकिटाच्या कोपऱ्यात उमटवायचं. सात वर्षांच्या मुलीला हे जमतं, आणि आजोबांना सांगायला तिच्याकडे स्वतःचं काही असतं. तिचे ठसे वाकडे आले तर तसेच जाऊ द्या.

सुकवलेली फुलं लावायची असतील तर आजच तोडा. बोगनवेल आणि कॉसमॉसच्या पाकळ्या रंग धरून राहतात. झेंडूचं आख्खं फूल दाबू नका, त्याच्या देठाच्या गादीत पाणी असतं आणि आतून बुरशी धरते. पाकळ्या सुट्या करून वर्तमानपत्रात ठेवा, वर जाड पुस्तकं, दहा-बारा दिवस. मधे एकदा कागद बदला.

आता मजकूर. चांदणी शिवलेल्या कार्डात "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" एवढंच लिहिलं, तर सगळी मेहनत वरच राहिली. दोन ओळी पुरतात, पण त्या त्या माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला लागू होता कामा नयेत. "मामी, जूनमध्ये बाबा दवाखान्यात असताना तुम्ही रोज डबा पाठवलात. त्यातल्या मेथीच्या भाजीची आठवण बाबा अजून काढतात." अशा दोन ओळी. कार्ड करायला बसण्याआधी प्रत्येक नावापुढे या वर्षातली एक आठवण वहीत टिपून ठेवा. ज्या नावापुढे काहीच सुचत नाही, ते नाव हाताने केलेल्या कार्डाच्या यादीत का आहे, याचाही विचार करा. आजी-आजोबांसाठी अक्षर मोठं आणि काळ्या शाईने काढा. सोनेरी पेन दिव्याखाली चमकतं आणि त्यांना वाचता येत नाही.

तुमच्या यादीतल्या काकांच्या घरी यंदा काकू गेल्या, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय आणि त्यांचं नाव खोडलंय. ते खोडू नका. ज्या घरी वर्षभरात माणूस गेलंय तिथे सण करत नाहीत, फराळ तळत नाहीत. नातेवाईक आणून देतात. तसंच कार्डही द्यावं. त्यावर पणती नको, शुभेच्छाही नकोत. कोरा हातकागद, कडेला हवं तर एकच पांढऱ्या दोऱ्याची रेघ, आणि आत काकूंबद्दलच्या चार ओळी. काकू चकली करताना पहिली चकली मोडून कुणाला देत, असं काहीतरी. मी माझ्या एका भावजयीला असं कार्ड दिलं होतं. फराळाचे डबे परत आले तेव्हा रिकाम्या डब्यात तिचं उत्तर होतं, पोस्टकार्डाएवढ्या कागदावर, दोन्ही बाजूंनी भरलेलं. तुमच्या तीस कार्डांत वेळ कमी पडला तर दुसऱ्या गटातलं एखादं राहू दे, पण काकांचं कार्ड आधी करा.

भेटवस्तू एकच निवडा, सगळ्यांना तीच. पाच प्रकारांच्या पाच वस्तू करायला गेलात की पाच वेळा सामान, पाच वेळा पसारा. मी उटणं सुचवते. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या तीस पुड्यांना दीड किलो लागतं. माझं प्रमाण असं: मसूर डाळीचं पीठ ६०० ग्रॅम, मुलतानी माती ३००, नागरमोथा १५०, वाळा १५०, आंबेहळद १००, गुलाबाच्या पाकळ्यांची पूड १००, गव्हला ५० आणि कचोरा ५०. नागरमोथा आणि वाळा घरच्या मिक्सरवर दळायला जाऊ नका. वाळ्याची मुळं पात्याला गुंडाळतात. काष्ठौषधीच्या दुकानात तयार चूर्ण मिळतं. मसूर मात्र घरी दळा, दळण्याआधी डाळ दोन दिवस उन्हात तापवा. सगळं एकत्र करून दोनदा वस्त्रगाळ करा. ओलसरपणा राहिला तर पुडीत गोळे होतात आणि वास जातो. सुगंधी अर्क घालू नका, तान्ह्या बाळांच्या घरी तर मुळीच नको. पुडीवर घटक लिहा आणि "आधी मनगटावर लावून पाहा" हेही लिहा. काहींना आंबेहळद सोसत नाही, काहींना मसूर.

उटण्याची एक अट आहे. ते पहिल्या अंघोळीच्या आधी पोचायला हवं. भाऊबीजेला दिलेलं उटणं पुढच्या वर्षापर्यंत बाथरूमच्या फळीवर राहतं. म्हणून वसुबारसेपर्यंत वाटून मोकळं व्हायचं. ते जमणार नसेल तर रंगवलेल्या पणत्या बऱ्या, त्या तुळशीच्या लग्नापर्यंत लागतात. पणत्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा म्हणजे तेल कमी पितात, आणि रंग फक्त बाहेरून द्या. वातीच्या चोचीला आणि आतून रंग लावला तर तो जळतो आणि घरभर वास सुटतो.

पुड्या बांधायला जुन्या सुती साडीच्या कापडाच्या थैल्या शिवा. आईची किंवा आजीची नऊवारी असेल तर फारच छान. तीस थैल्यांनंतरही काठ उरतो, आणि ज्यांनी आजीला पाहिलंय त्यांना काठ बघूनच साडी ओळखू येते. मशीन नसेल तर चौकोनी तुकडा घेऊन मधे पुडी ठेवा आणि वर दोऱ्याने बांधा, शिवायची गरज नाही.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात यादी, आठवणींची वही, कागद आणि पाकिटं. दुसऱ्या आठवड्यात काकांचं कार्ड आणि मग शिवलेली कार्डं, रोज एक. तिसऱ्यात ठसा आणि छपाई एकाच रविवारी, सगळी कार्डं दोरीवर चिमट्याने टांगून. मजकूर रोज चार-चार. एका बैठकीत वीस लिहिलेत तर दहाव्यानंतर सगळी सारखी होतात. चौथ्या आठवड्यात उटणं आणि थैल्या. परगावची पाकिटं दिवाळीच्या दहा-बारा दिवस आधी पोस्टात पडायला हवीत. सासूबाईंना पुड्या भरायला बोलवा. मापाचा चमचा त्यांच्या हातात द्या आणि मसूर किती तापवायचा हे त्यांनाच विचारा, तुमच्यापेक्षा त्यांना नक्की जास्त कळत असेल.

मेलबर्नच्या बहिणीचं मात्र सगळ्यांच्या आधी, पहिल्या शिवलेल्या कार्डाबरोबर याच रविवारी उरका आणि सोमवारी पोस्टात टाका. तिला उटणं, सुकवलेली फुलं आणि बियांचा कागद यातलं काहीही पाठवू नका. ऑस्ट्रेलियात वनस्पती, बिया आणि खाण्याच्या जिनसांची तपासणी फार कडक असते, पाकीट अडकून पडेल. तिच्यासाठी चांदणीचं कार्ड, आणि उटण्याऐवजी त्याच नऊवारीच्या काठाची रिकामी थैली घडी करून आत ठेवा. लिफाफ्यात पुठ्ठा घाला म्हणजे टाके दबणार नाहीत, आणि पोस्टातल्या कस्टम्सच्या फॉर्मवर "कागदी कार्ड, सुती कापड" एवढं स्पष्ट लिहा.